तिथीची पाऊणपट आणि संगणकाचा तास

शाळेतल्या संगणकाच्या वहीत काय असतं हे घरात शाळकरी मूल असलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पहिल्या पानावर मॉनिटर, सीपीयू, कीबोर्ड, माउस यांची रंगीत पेन्सिलीने काढलेली आकृती. पुढे लाँगफॉर्म. मग इनपुट उपकरणं कोणती, आउटपुट उपकरणं कोणती. वरच्या वर्गात गेलं की वर्डमध्ये अक्षर ठळक कसं करायचं, एक्सेलमध्ये बेरीज कुठल्या बटणाने होते, पॉवरपॉइंटमध्ये चित्र कसं सरकवायचं. परीक्षेला गाळलेल्या जागा आणि जोड्या लावा. पेणची इंग्रजी माध्यमाची शाळा असो, रोह्याचं अनुदानित विद्यालय असो की खारेपाटातली जिल्हा परिषदेची शाळा, जिथे हा तास होतो तिथे तो बहुधा असाच होतो.

वहीतलं काहीच चुकीचं नसतं. पण अशा वह्या वर्षानुवर्षं भरलेल्या मुलाला विचारा, की पेणहून रोह्याला निघालास तर मोबाइलमधल्या नकाशाने तुला वडखळ-नागोठण्यावरूनच का नेलं? किंवा निकालाची यादी यंत्राने लावली ती नेमकी कशी लावली? मूल गप्प बसतं. यंत्राचे अवयव त्याला पाठ आहेत; यंत्र काय करतं आणि कुठे चुकू शकतं याचा मात्र त्याला पत्ता नाही.

माझ्या मते संगणक-शिक्षणाचा गाभा तीन गोष्टींत आहे. एखाद्या कामाची रीत नेमकी ओळखणं, ती दुसऱ्या कुणाला, मग तो माणूस असो वा यंत्र, न विचारता पार पाडता येईल इतकी स्वच्छ लिहिणं, आणि ती कुठे फसते ते हुडकून काढणं. यंत्र लागतं, पण ते दुसऱ्या पायरीला. पहिल्या पायरीचा माल पेण-रोह्याच्या मुलांच्या अवतीभवती इतका पडलेला आहे की तो बाहेरून आणायची गरज नाही.

आजच्या तासाला हे वळण कसं लागलं याला चाळीस वर्षांचा इतिहास आहे. १९८४-८५ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाचा प्रकल्प काढला आणि देशभरच्या निवडक शाळांत बीबीसी मायक्रो नावाचे ब्रिटिश संगणक बसले. ते यंत्र मुलांनी स्वतः आज्ञावली लिहावी म्हणूनच घडवलेलं होतं. सुरू केलं की पडद्यावर रिकामी ओळ यायची. तुम्ही काही लिहिलंत तरच पुढे काही व्हायचं. पुढे विंडोज आलं, तयार सॉफ्टवेअर आली आणि ‘संगणक येतो’ याचा अर्थ ‘ऑफिस वापरता येतं’ असा झाला. २००४च्या अखेरीस शाळांसाठी आयसीटी (माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान) योजना आली. संगणक कक्ष उभे राहिले, कंत्राटी शिक्षक नेमले गेले. कंत्राट संपलं की शिक्षक गेले, यंत्रं जुनी झाली, कक्षाला कुलूप लागलं. चपला बाहेर काढून आत जायची ती खोली बऱ्याच मुलांनी फक्त खिडकीतून पाहिली.

२००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलने २००२पासून एमएस-सीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम गावोगाव नेला. त्या अभ्यासक्रमाने लाखो माणसांची माउस धरायची भीती घालवली, बायकांना आणि ग्रामीण तरुणांना कचेरीचं दार उघडून दिलं. हे ऋण मान्यच केलं पाहिजे. अडचण पुढची आहे. नोकरी शोधणाऱ्या प्रौढासाठी आखलेला तो साचा शाळांनी जसाच्या तसा उचलला आणि तिसरी-चौथीच्या पोरांवर लादला. दहा वर्षांच्या मुलीला अर्जाचा मसुदा टाइप करायचा नसतो. तिला ‘असं केलं तर काय होईल?’ हे विचारायचं असतं, आणि त्या प्रश्नाला या तासात जागा नाही.

ही खोड एकट्या आपलीच नाही. ब्रिटनमध्येही शाळेतला आयसीटीचा विषय असाच सॉफ्टवेअर चालवण्यापुरता उरला होता. जानेवारी २०१२मध्ये तिथल्या रॉयल सोसायटीने त्यावर सडकून टीका करणारा अहवाल काढला आणि सप्टेंबर २०१४पासून इंग्लंडमध्ये पाच वर्षांच्या मुलांपासून पुढे संगणनाचा नवा अभ्यासक्रम आला. आपल्याकडे एसीएम इंडियाने २०१६मध्ये सुरू केलेला ‘सीएसपाठशाला’ उपक्रम आणि त्याआधी मुंबईच्या आयआयटीत तयार झालेली ‘कम्प्युटर मस्ती’ ही पुस्तकं याच दिशेची आहेत. म्हणजे वाट कुणाला ठाऊक नाही अशातला भाग नाही. ती आपल्या शाळेच्या दारापर्यंत आणायची आहे.

एक उदाहरण जरा सविस्तर घेतो, कारण माझ्या म्हणण्याचा सगळा भार त्यावर आहे.

धरमतरच्या खाडीकाठी किंवा कुंडलिकेच्या मुखाकडे मासेमारी करणाऱ्या कोणत्याही जुन्या माणसाला भरतीची वेळ विचारा. तो घड्याळाकडे पाहण्याआधी तिथी विचारेल. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार गुणिले तीन भागिले चार, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा. एकादशीला सव्वाआठ. दिवसात भरत्या दोन, दुसरी साधारण साडेबारा तासांनी. अख्खा कोकण किनारा पिढ्यान्‌पिढ्या या हिशेबावर चालला. संगणकशास्त्र ज्याला अल्गोरिदम म्हणतं तो हाच: आत एक संख्या घाला, ठरलेली क्रिया करा, बाहेर उत्तर घ्या.

आता सातवीच्या वर्गाला सांगा, पंधराही तिथींची वेळ काढून तक्ता करा. प्रतिपदेला पाऊण, द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन. दर तिथीला पंचेचाळीस मिनिटं पुढे. पौर्णिमा पंधरावी, सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रतिपदा, म्हणजे पाऊण. एखादी चौकस मुलगी इथे थांबेल. रोज पंचेचाळीस मिनिटांनी सरकणारा समुद्र पौर्णिमेनंतर एकदम दीड तास उडी कशी मारतो? समुद्र उडी मारत नाही, रीत मारते. चूक सापडली.

मग एखादा मुलगा पंचांग उघडून अमावास्येची वेळ काढायला बसेल. पंचांगात अमावास्येपुढे आकडा असतो तीस. तिसाची पाऊणपट साडेबावीस, म्हणजे रात्रीचे साडेदहा. शेजारच्याने तिला पक्षातली पंधरावी तिथी धरलं, त्याचं उत्तर सव्वाअकरा. गणित दोघांचंही बरोबर, उत्तरं वेगळी. आज्ञावली लिहिली असती तर यंत्रानेही तीस मुकाट्याने स्वीकारले असते. आत येणारा आकडा कोणता चालेल आणि कोणता नाही हे आधी लिहून ठेवायचं असतं हा धडा पुस्तकातून दहा वेळा सांगूनही कळत नाही. इथे एका दुपारी कळतो.

पुढचा प्रश्न शिक्षकाने टाकायचा: तीस तिथींत भरतीची वेळ पूर्ण चोवीस तास फिरून मूळ जागी येते, तर एका तिथीला किती? चोवीस भागिले तीस, म्हणजे एक तासाचे चार पंचमांश, अठ्ठेचाळीस मिनिटं. पाऊणऐवजी हे धरलं की पौर्णिमेला बरोबर बारा येतात, अमावास्येला पंधरा घाला की तीस, उत्तर बाराच. दोन्ही घोटाळे एका फटक्यात मिटतात. मग जुन्या माणसांनी पाऊणपट का धरली? कारण गावच्या शाळेत पाऊणकीचा पाढा तोंडपाठ असायचा, चार पंचमांशाचा पाढा नव्हता. होडीत बसून तोंडी होईल असा हिशेब त्यांनी निवडला आणि त्यासाठी थोडी चूक पत्करली. अचूकपणा आणि सोय यांची ही देवघेव सगळ्या संगणनाच्या मुळाशी आहे.

गोष्ट इथेही संपत नाही. एखाद्या तिथीचा क्षय झाला की रीत एक पायरी गाळते. वृद्धी झाली की दोन दिवस एकच वेळ सांगते, समुद्र मात्र थांबत नाही. उधाणाच्या दिवसांत भरती रोज अठ्ठेचाळीस मिनिटांहून कमी सरकते, भांगाच्या दिवसांत जास्त. शिवाय मुंबईच्या भरतीच्या छापील वेळा आणि खाडीत आत पेणच्या बाजूला पाणी चढायची वेळ यांतही फरक पडतो. महिनाभर रोजच्या वेळा टिपून रीतीच्या उत्तराशेजारी मांडल्या की फरकांचा स्वतंत्र तक्ता होतो. आता शाळेतला एकमेव संगणक सुरू करा. तक्ता स्प्रेडशीटमध्ये भरा, आलेख काढा, सूत्र बदलून पाहा. या क्षणी यंत्र कशासाठी असतं हे वर्गाला कुणी सांगावं लागणार नाही. हाताने तीस दिवसांचा हिशेब करून कंटाळलेल्या मुलांना ते आपसूक समजेल.

दुसरं उदाहरण पेणचं सगळ्यांना ठाऊक असलेलं. हमरापूर, जोहे या गावांत गणपतीचे कारखाने वर्षभर चालतात. साच्यातून मूर्ती काढायची, सुकवायची, सांधे घासायचे, पांढरा रंग, मग अंगाचा रंग, सोवळं, दागिने आणि अगदी शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी कारखान्यातल्या सगळ्यांत कसलेल्या हाताकडे असते. आठवीच्या वर्गाला विचारा: समजा साच्यावर चार माणसं आहेत आणि आखणीला एकच. साच्यावर आणखी दोन माणसं ठेवली तर मूर्ती लवकर तयार होतील का? मुलं आधी हो म्हणतात. मग वहीवर चौकटी मांडून दिवस मोजू लागली की दिसतं, की मूर्ती आखणीपाशी तुंबून राहतात आणि घोडं तिथेच पेंड खातं. परदेशी जाणारा माल बोटीने काही महिने आधी निघतो, गावातला चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात. पावसाळी हवेत मूर्ती सुकायला वेळ जास्त. मग शेवटच्या तारखेपासून मागे मोजत कोणतं काम कधी सुरू करायचं? कारखानदाराच्या ऑर्डरच्या वहीत उंची, साचा, रंग, आगाऊ रक्कम, न्यायची तारीख हे सगळं आधीच असतं. त्या वहीचा नीट तक्ता करणं म्हणजेच डेटाबेस शिकणं. यातल्या कितीतरी मुलांचे आई-वडील याच कारखान्यांत राबतात. त्यांच्या कामात इतकी बुद्धी आहे हे मुलांना शाळेकडून कळणं ही लहान गोष्ट नव्हे.

तिसरं उदाहरण हजेरीपटाचं, आणि ते भाषेशी जोडलेलं. वर्गात काळे, काशीद, कासार, खरे आणि क्षीरसागर अशी आडनावं आहेत असं समजा. मराठी वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’नंतर येतो, म्हणून काशीद आणि कासार आधी, काळे नंतर. ‘क्ष’ शाळेच्या तक्त्यात अगदी शेवटी, म्हणून क्षीरसागर खऱ्यांच्याही मागे. आता हीच नावं निव्वळ युनिकोडमधल्या सांकेतिक क्रमांकांवर लावा. तिथे ‘ळ’ला ‘ल’शेजारी जागा दिलेली आहे, म्हणून काळे उडी मारून पुढे येतात. ‘क्ष’ म्हणजे क, हलंत आणि ष. म्हणून क्षीरसागर खऱ्यांच्या आधी बसतात. यंत्राला ‘योग्य क्रम’ ठाऊक नसतो. कुणीतरी ठरवलेला एक क्रम ठाऊक असतो. मराठीचा क्रम हवा असेल तर तो मराठी माणसाने नियम लिहून सांगावा लागतो, आणि काही सॉफ्टवेअरमध्ये तो सांगितलेलाही आहे. हे पाहिलेलं मूल पुढे ‘यंत्रात असंच आहे’ या उत्तरावर गप्प बसणार नाही. हा तास मराठीतूनच का व्हायला हवा याचंही उत्तर यात आहे. नियम मांडायचा तर तो ज्या भाषेत आपण भांडतो त्या भाषेत मांडता यायला हवा. आज्ञावलीतले चार-दोन इंग्रजी शब्द शिकायला वेळ लागत नाही. विचार इंग्रजीत करायला लावला तर मात्र निम्मा वर्ग बाहेर पडतो.

रायगडच्या या भूमीत याच प्रश्नाचे दोन धागे फार पूर्वीच निघालेले आहेत. विनोबा भावे ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातल्या गागोद्यात जन्मले. त्यानंतर चार महिन्यांनी, १४ जानेवारी १८९६ला, महाडजवळच्या नाते गावी चिंतामणराव देशमुखांचा जन्म झाला. त्यांचं बालपण रोह्यात गेलं. विनोबांनी गांधीजींच्या नयी तालीमची कल्पना उचलून धरली: हाताने करायच्या उत्पादक कामातून गणित, विज्ञान, भाषा शिकायची. देशमुख रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, पुढे केंद्रीय अर्थमंत्री. त्याबरोबरच १९४५ ते १९६४ ते प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्ष होते. १९५५-५६च्या सुमारास इंग्लंडहून आलेला एचईसी-२एम हा देशातला पहिला इलेक्ट्रॉनिक अंकीय संगणक कलकत्त्याच्या त्याच संस्थेत बसला. देशाची पाहणी करायची, आकडे गोळा करायचे, त्यावरून योजना आखायची, म्हणून त्या संस्थेला यंत्र हवं होतं. प्रश्न आधी होता, संगणक नंतर आला.

एकाने हाताचं काम शिक्षणाच्या मध्यभागी ठेवलं, दुसरा आकड्यांच्या आणि यंत्राच्या संस्थेचा प्रमुख राहिला. शाळेतल्या संगणकाच्या तासाला हे दोन्ही धागे एकत्र हवेत: गावातलं काम आणि त्या कामाचे मोजून मांडलेले आकडे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३मध्ये सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने ही सांगड घालून दाखवली. वेल्डिंग, शेती, सुतारकाम शिकणाऱ्या मुलांच्या त्याच आवारात २००२मध्ये एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब उभी राहिली.

आता आक्षेप. सगळ्यांत वजनदार आक्षेप नयी तालीमच्याच इतिहासातून येतो. १९३७च्या वर्धा परिषदेनंतर ती योजना वाजतगाजत निघाली आणि काही दशकांत विझली. गावच्या पोरांना तकली आणि शहरातल्या पोरांना पुस्तक, ही वाटणी लोकांना रुचली नाही, आणि त्यांचं चुकलं नाही. उद्या ‘संगणकाविना संगणक-शिक्षण’ हा शब्दप्रयोग हाती धरून कुणी अधिकारी म्हणेल, की वाडीवरच्या शाळेला यंत्राची गरजच काय, मुलं तिथी मोजताहेत की! हा धोका खराच आहे. म्हणून दोन्ही पायऱ्या एकाच दमात मागितल्या पाहिजेत. कागदावरची रीत तिसरीपासून, आणि सहावीपासून प्रत्येक मुलाच्या हाताला आठवड्यातून ठरावीक वेळ खरं यंत्र. ते महागडं असायची गरज नाही, चालू मात्र हवं, आणि शाळेच्या वीजबिलाची जबाबदारी कुणाची हे आधी ठरलेलं हवं. बिल थकलं म्हणून शाळेची वीज तुटते तिथे डिजिटल शाळेचा फलक लावणं ही थट्टा आहे. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, अनेक गावं दिवसेंदिवस अंधारात होती, आणि त्याच महिन्यात राज्यभर शिक्षण ऑनलाइन होत होतं. यंत्रावर सगळी मदार ठेवली की काय होतं ते तेव्हा दिसलं.

दुसरा आक्षेप: आधी वाचता-लिहिता तर येऊ द्या. ‘असर’च्या २०२३च्या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या निम्म्याहून अधिक मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भाग देता आला नाही, तर जवळपास नव्वद टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. या दोन आकड्यांतून मला उलटा निष्कर्ष दिसतो. भागाकार हीच मुळात एक रीत आहे, पायरीपायरीने करायची. ती पाठ करून घेतली जाते, उकलून पाहिली जात नाही, म्हणून विसरली जाते. संगणकाचा तास गणितापासून तोडून न ठेवता भागाकाराच्या पायऱ्या मुलांकडूनच लिहून घेतल्या, एकाने लिहिलेल्या पायऱ्या दुसऱ्याने डोळे झाकून पाळल्या, तर घोडं कुठे अडतं ते शिक्षकालाही दिसेल.

तिसरा आक्षेप ताजा आहे. आता एआय आज्ञावली लिहून देतो, मग मुलांनी शिकायचं कशाला? केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २०२५च्या ऑक्टोबरात २०२६-२७पासून तिसरीपासूनच एआय आणि संगणकीय विचार शिकवण्याचं जाहीर केलं. ‘संगणकीय विचार’ या अर्ध्याचं मी स्वागत करतो. उरलेल्या अर्ध्याची भीती अशी, की पुन्हा नवं उत्पादन चालवायला शिकवलं जाईल आणि वहीत नवे लाँगफॉर्म येतील. एआयला अमावास्येची भरती विचारली तर तो सफाईदार वाक्यात उत्तर देईल. ते बरोबर की चूक हे ज्याने स्वतः तक्ता मांडला आहे तोच सांगू शकेल. छापून आलेल्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवल्याची किंमत पेणला वेगळी सांगायला नको. २०१०मध्ये पेण अर्बन बँक कोसळली, बोगस कर्जखात्यांचा घोटाळा बाहेर आला, आणि कष्टाचे पैसे ठेवलेल्या माणसांच्या हातात पासबुकं राहिली. आकडा यंत्राने छापला म्हणून खरा होत नाही. तो कुणी, कशावरून, आत घातला हे विचारावं लागतं.

या प्रश्नाची सगळ्यांत तीव्र गरज ज्या मुलांना आहे ती बहुतेकदा वर्गात नसतात. पेण, रोहा, सुधागडच्या वाड्यांवरची कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. हंगामाआधी घेतलेली उचल, दर आठवड्याची खर्ची, पाडलेल्या विटांची हजारी, त्याचा दर, आणि शेवटी ‘अजून फिटलं नाही’ असं ऐकून परतायचं. हिशेबाची वही मालकाकडे. कातकऱ्याच्या पोराला हा तक्ता स्वतः मांडता आला, रोजच्या विटा टिपून ठेवता आल्या आणि हंगामाच्या शेवटी दोन वह्या शेजारी ठेवता आल्या, तर संगणकाच्या तासाने आपलं काम केलं असं मी म्हणेन, भले त्या मुलाने तोवर कीबोर्डला हात लावला नसला तरी. माहिती ज्याच्या वहीत, सत्ता त्याची, हे त्या मुलांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. शाळेने त्यांना फक्त वही द्यायची आहे.

हे प्रत्यक्षात आणायला वेगळा विषय, वेगळं पुस्तक, वेगळी फी लागत नाही. तिसरी ते पाचवी: पडदा नको, रीती लिहिणं आणि एकमेकांच्या रीतीतल्या चुका पकडणं, तेही गणित, परिसर अभ्यास आणि मराठीच्या तासातच. सहावी ते आठवी: गावातल्या एका कामाचा वर्षभराचा तक्ता, त्यावर स्प्रेडशीट, आणि चित्रठोकळे जोडून छोट्या आज्ञावली. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात या वर्गांसाठी दहा दप्तराविना दिवस सुचवले आहेत. ते कारखान्यात, धक्क्यावर, धाटावच्या औद्योगिक वसाहतीत घालवावेत. नववी-दहावी: खरी भाषा, पायथन म्हणा किंवा दुसरी कुठली, आणि आपणच गोळा केलेल्या माहितीवर लिहिलेली आज्ञावली.

शिक्षकांचं काय? ‘सरल’ आणि तत्सम पोर्टलांवर माहिती भरता भरता संगणक म्हटलं की ज्यांच्या कपाळाला आठी पडते, त्यांच्यावर आणखी एक प्रशिक्षण लादून ये रे माझ्या मागल्या होईल. केंद्रशाळेच्या शिक्षण परिषदेत दर महिन्याला एका शिक्षकाने आपल्या गावातली एक रीत वर्गात कशी उलगडली ते दाखवावं, बाकीच्यांनी ती तपासावी, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. ज्या शिक्षकाला मासेमाराचा हिशेब कळतो त्याला आज्ञावलीची भीती वाटायचं कारण नाही.

आणि परीक्षा बदलल्याशिवाय यातलं काहीच टिकणार नाही. ‘सीपीयूचा लाँगफॉर्म लिहा’ या प्रश्नाच्या जागी एक बिघडलेली रीत छापावी आणि विचारावं: ही कोणत्या आकड्याला चुकीचं उत्तर देईल, आणि का? या प्रश्नाला गाइडमध्ये उत्तर सापडत नाही. त्याचे गुण मिळू लागले की वर्ग आपोआप त्या बाजूला वळतील.

पालकांनीही आपला प्रश्न बदलावा. २०२०मध्ये लहान पोरांना कोडिंगच्या जोरावर लक्षाधीश करण्याची स्वप्नं विकणाऱ्या जाहिराती आल्या आणि गेल्या. फसले ते ‘किती शिकवता?’ एवढंच विचारणारे. शाळेत किती संगणक आहेत, कोणता नवा अभ्यासक्रम आणलात, हे विचारून झालं असेल तर मुख्याध्यापकांना एवढंच विचारा, की यंदा तुमच्या मुलांनी यंत्राचं किंवा पुस्तकाचं कोणतं उत्तर चुकीचं ठरवलं आणि ते कसं सिद्ध केलं. ज्या शाळेकडे यावर सांगायला एक तरी खरा प्रसंग असेल, तिथे संगणक शिकवला जातो. बाकीच्या ठिकाणी तो दाखवला जातो.